नळीच्या पोटाशी लिहिलेला इतिहास

खारघरच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावर, कातडी पेटीत, आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक सापडली. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ असे नाव कोरलेले आहे आणि नळ्यांवर पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी दिसते. पणजोबांनी याच बंदुकीने कबुतरांच्या नेमबाजीत बक्षिसे मिळवली होती, असे घरात सांगतात. ही पुरातन ट्रॅप बंदूक, म्हणजे उडत्या लक्ष्यावरच्या नेमबाजीच्या स्पर्धेची बंदूक, मानावी का, तिचा इतिहास कसा शोधावा आणि पुढे अशा बंदुकांचा संग्रह करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली तीसेक वर्षे जुन्या छऱ्याच्या बंदुका तपासत आलो आहे आणि त्याआधीपासून ट्रॅपच्या मैदानावर उभा राहत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की घरातली कथा आणि पट्टीवरचे नाव या दोन्ही गोष्टी सध्या बाजूला ठेवाव्यात. त्या खोट्याच असतात असे नाही. पण बंदुकीची खरी जन्मपत्रिका नळ्यांच्या पोटाशी, पुढचे लाकूड काढल्यावर दिसणाऱ्या भागावर ठोकलेली असते आणि ती वाचल्यानंतरच कथेचा विचार करता येतो.

मात्र ते लाकूड काढण्याच्याही आधी एक गोष्ट करावी लागेल. परवानाधारक व्यक्ती हयात नसेल आणि आपल्या नावावर परवाना नसेल, तर ही बंदूक आज बेकायदा आहे. बंदूक गाडीत घालून तज्ज्ञाकडे नेणे हाही गुन्हाच ठरतो. म्हणून बंदूक जागेवरच ठेवून, आजोबांचा जुना परवाना किंवा त्याची प्रत घेऊन ज्या हद्दीत घर आहे त्या पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे ती तिथे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये याची तरतूद आहे आणि वारसाला परवाना मिळाल्यावर जमा केलेले शस्त्र परत मिळते. आपल्या बाबतीत थोडी अडचण अशी की बंदूक ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे आणि आपण नवी मुंबई आयुक्तालयाच्या हद्दीत राहता. त्यामुळे जमा करणे ठाण्यात आणि वारसाहक्काच्या परवान्याचा अर्ज नवी मुंबईत, अशा दोन ठिकाणी फेऱ्या होतील. इतर वारसांची लेखी ना-हरकत आधीच तयार ठेवली तर निम्मा वेळ वाचतो.

इथे बरेच जण एक पळवाट सुचवतात : बंदूक शंभर वर्षांची आहे, म्हणजे पुरातन वस्तू, मग परवाना कशाला? या सल्ल्याने चांगली माणसे अडचणीत आलेली मी पाहिली आहेत. अधिनियमाच्या ४५ व्या कलमात कालबाह्य घडणीच्या, पुरातन मूल्य असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे हे खरे. पण ते शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरले जाण्याची शक्यता नसावी, अशी अट त्याच वाक्यात आहे. ठासणीची गंजलेली बंदूक त्यात कदाचित बसेल. मात्र १८९० सालची, मागून काडतूस भरायची बारा बोअर दुनळी बसत नाही, कारण दुकानात आज मिळणारे काडतूस तिच्यात जाते. शिवाय सूट लागू होते की नाही, हे मालकाने स्वतः ठरवायचे नसते.

आता परवाना मिळाला आहे असे धरून पुढे जातो. टेबलावर जुनी चादर अंथरा, पुढचे लाकूड खटका दाबून काढा आणि नळ्या सांध्यातून उतरवा. नळ्या उलट्या केल्या की मागच्या टोकाशी दोन सपाट पट्टे दिसतील. तिरप्या धरलेल्या टॉर्चच्या उजेडात आणि भिंगाखाली त्यांवर बारीक ठसे उमटलेले दिसतात. हे प्रूफ हाउसचे शिक्के होत. ब्रिटनमध्ये विक्रीपूर्वी प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवून पाहण्याचा कायदेशीर दंडक होता आणि लंडन व बर्मिंगहॅम इथल्या प्रूफ हाउसमध्ये चाचणीत टिकलेल्या नळीवरच शिक्के बसत. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ सालच्या कायद्याने उभे राहिले. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड असतील, तर नळी बर्मिंगहॅमची आणि १९०४ पूर्वीची. मुकुटाखाली ‘बीव्ही’ आणि ‘बीपी’ ही अक्षरे असतील, तर १९०४ किंवा त्यानंतरची. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ दिसले तर पट्टीवर कुणाचेही नाव असो, नळीची चाचणी बेल्जियममध्ये लिएज इथे झालेली आहे. लिएजचा माल इंग्रजी वाटणाऱ्या नावांनी जगभर विकला जात असे. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हे त्यातले नेहमीचे नाव असून वेस्टली रिचर्ड्स या प्रसिद्ध इंग्रजी बंदूक-कारखान्याशी गल्लत व्हावी, हाच त्यामागचा हेतू होता.

नळीच्या तोंडाविषयीचा शिक्काही वर्ष सांगतो. नळीचे तोंड किंचित आवळून छऱ्यांचा घोळका घट्ट ठेवण्याच्या युक्तीला चोक म्हणतात. न्यूकॅसलच्या पेप यांनी तिचे पेटंट १८६६ मध्ये घेतले होते, बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी १८७४ पासून ती नावारूपाला आणली. आवळलेल्या तोंडातून गोळी उडवणे धोक्याचे, म्हणून १८७५ पासून अशा नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ असा इशारा ठोकला जाई आणि १८८७ पासून त्याऐवजी ‘चोक’ हा शब्द आला. म्हणजे ‘नॉट फॉर बॉल’ वाचता आले की त्या नळीचे वय बारा वर्षांच्या अवधीत येऊन बसते. शंकरपाळ्याच्या आकारात १२ आणि ‘सी’ अक्षर हा काडतुसाच्या घराचा, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या पोकळीचा, शिक्काही १८८७ पासूनचाच.

शिक्क्यांत एक गोष्ट मात्र फसवते. जुनी बंदूक पुन्हा चाचणीला पाठवली गेली असेल तर नवे शिक्के जुन्यांच्या शेजारी बसतात. सर्वांत नवा शिक्का पाहून वय ठरवणारा माणूस अशा वेळी बंदुकीला पन्नास वर्षे तरुण करून टाकतो. म्हणून सगळे शिक्के टिपायचे आणि त्यातला सर्वांत जुना निर्णायक मानायचा. कागद ठेवून मऊ शिसपेन्सिलीने हलके घासले की ठसा स्वच्छ उमटतो; मोबाइलच्या छायाचित्रापेक्षा तो मला जास्त विश्वासाचा वाटतो, कारण फ्लॅशच्या चकाकीत राजदंड हमखास हरवतात.

काही वर्षांपूर्वी एका परिचितांकडे नेमकी अशीच कथा होती. १८८० च्या दशकात लंडनच्या हर्लिंगहॅम क्लबवर कबुतरांची स्पर्धा जिंकलेल्या साहेबाने ही बंदूक आपल्या पणजोबांना भेट दिली, असे तिन्ही पिढ्या सांगत. बंदूक सुंदर होती. नळ्या उतरवल्या, तर पोटाशी १९०४ नंतरचे शिक्के आणि त्यापूर्वीचा एकही नाही. वजन तीन किलोला थोडे कमी, उजवी नळी जवळजवळ सरळ, म्हणजे चोक नसल्यासारखी, आणि काडतुसाची घरे ६५ मिलीमीटरची. ती उत्तम शिकारी बंदूक होती; ट्रॅपशी तिचा संबंध नव्हता. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. साहेबही खरा असेल आणि भेटही खरी असेल, पण ज्या स्पर्धेत ती बंदूक होती असे सांगत, त्या स्पर्धेच्या वेळी ती जन्मलीच नव्हती.

मग ट्रॅपची बंदूक ओळखायची कशी, हे कळण्यासाठी हा खेळ काय होता ते पाहावे लागते, कारण बंदुकीचा प्रत्येक अवयव खेळाच्या नियमांतून आला आहे. इंग्लंडमध्ये सुरुवातीला जमिनीतल्या खड्ड्यात जिवंत कबूतर ठेवून वर जुनी हॅट झाकत आणि दोरी ओढून ती उलटवत. पुढे हॅटच्या जागी दोरीने उघडणाऱ्या पेट्या आल्या. नेमबाजापासून ठरावीक अंतरावर पाच पेट्या एका ओळीत असत आणि त्यातली कोणती उघडेल हे त्याला ठाऊक नसे. पेटी म्हणजेच ट्रॅप. दोरी ओढण्यासाठी द्यायची ‘पुल’ ही आरोळी आजही मैदानावर देतात. दोरी जाऊन माइकवर चालणारी यंत्रे आली तरी शब्द गेला नाही. पक्षी लागून भागत नसे, तो कुंपणाच्या आत पडायला हवा. म्हणून दोन्ही बार झटपट आणि दूरवर घट्ट जायला हवेत, आणि म्हणून दोन्ही नळ्या चोकच्या, बार जड, दणका सोसायला बंदूकही जड. सामान्य शिकारी बारा बोअर तीन किलोच्या आसपास भरते. कबुतरांची बंदूक सव्वातीन ते साडेतीन किलोपर्यंत जाते. घर ७० मिलीमीटरचे, पट्टी रुंद आणि सपाट, सांध्याच्या दोन्ही बाजूंना नळ्या आवळून धरणारे लोखंडी कान, आणि बऱ्याचदा सुरक्षेचा खटकाच नाही. ‘पुल’ म्हटल्यावर खटका सरकवायला विसरलो म्हणून पैज हरण्याची तयारी त्या लोकांची नव्हती. पैजा मोठ्या असत, हे लक्षात घेतले की बाकी सगळे समजते.

हर्लिंगहॅम क्लब १८६९ मध्ये याच खेळासाठी सुरू झाला आणि १९०५ मध्ये तिथली कबुतरांची नेमबाजी बंद पडली. माँटे कार्लोच्या कॅसिनोची मोठी स्पर्धा १८७२ मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी ती जॉर्ज लोरिलार्ड या अमेरिकन माणसाने जिंकली. तिकडे अमेरिकेत पक्ष्यांऐवजी काचेचे गोळे उडवण्याची पद्धत आली. नेमबाज कॅप्टन अॅडम बोगार्डस यांनी १८७७ मध्ये गोळे फेकणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि छरे घसरू नयेत म्हणून खरबरीत पृष्ठभागाचे गोळे आणले. काचांचा खच मैदानावर किती पडत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी भाजलेल्या मातीच्या बशीचे पेटंट घेतले. ती गोळ्यासारखी वर न उडता पक्ष्यासारखी सपाट जात असे, पण इतकी कडक भाजलेली असे की छरे लागूनही कित्येकदा फुटत नसे. पुढे चुनखडी आणि डांबराचे मिश्रण वापरू लागले. आज ज्याला आपण ‘क्ले’ म्हणतो, त्यात मातीचे फक्त नाव उरले आहे. १८८३ मध्ये बोगार्डस आणि दुसरे नेमबाज ‘डॉक’ कार्व्हर यांच्यात या मातीच्या बशांवर पंचवीस सामने झाले आणि त्यातले बहुतेक कार्व्हर यांनी जिंकले. अमेरिकेची सर्वांत मोठी स्पर्धा, ग्रँड अमेरिकन, १८९३ मध्ये न्यूयॉर्कजवळ डेक्स्टर पार्कला जिवंत कबुतरांवर सुरू झाली आणि १९०० मध्ये क्लेवरही होऊ लागली. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये क्ले ट्रॅपची स्पर्धा झाली.

याचा आपल्या बंदुकीशी संबंध असा की क्लेच्या खेळात अमेरिकेने लांब नळीची एकनळी ट्रॅप बंदूक घडवली, कारण तिथे एका क्लेला एकच बार मिळे. इंग्रजी दुनळीवर त्या खेळाचा ठसा तुलनेने कमी दिसतो. आपली बंदूक ट्रॅपची निघालीच, तर ती बहुधा जिवंत कबुतरांच्या काळातली असेल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन करा. उत्तराचा बराच भाग त्या एका आकड्यात आहे.

पट्टीवरच्या नावाकडे आता येतो. आर्मी अँड नेव्ही हे लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरचे मोठे दुकान होते. सोसायटी १८७१ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईत त्यांची शाखा १८९१ मध्ये निघाली. काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आजही उभी आहे आणि तिच्यावरून आपण कितीदा गेला असाल. ते बंदुका घडवत नसत. बर्मिंगहॅमच्या कारखानदारांकडून करून घेत आणि पट्टीवर आपले नाव घालत. याचा अर्थ बंदूक हलकी असा मुळीच नाही, माल पारखून घेतलेला असे. आणि संशोधकाच्या दृष्टीने हे भाग्याचेच, कारण त्यांच्या बंदुकांच्या नोंदवह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत. चापाच्या संरक्षक कड्यावर किंवा त्याच्या शेपटीवर असलेला अनुक्रमांक कळवला, तर विक्रीचा दिनांक आणि पहिल्या ग्राहकाचे नाव मिळण्याची शक्यता असते. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या इंग्रजी बंदूक-कारखान्यांच्याही वह्या आहेत. अमेरिकन बंदुकांसाठी वायोमिंगमधल्या कोडी इथले शस्त्रसंग्रहालय विंचेस्टर आणि एल. सी. स्मिथ यांच्या नोंदी सांभाळते.

पहिल्या ग्राहकापासून आपल्या पणजोबांपर्यंतचा प्रवास मात्र लंडनच्या वहीत सापडणार नाही. तो इथल्या कागदांत आहे. आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून परवान्यांची शिस्त आहे आणि जुन्या परवान्यावर शस्त्राचे वर्णन केलेले असते. घरातली जुनी कागदपत्रे, विशेषतः भूमापनाच्या उताऱ्यांबरोबर बांधून ठेवलेली गाठोडी, एकेक करून पाहा. माझ्या अनुभवात परवाने तिथेच असतात, बंदुकीच्या पेटीत कधीच नसतात. पेटीच्या झाकणाच्या आतले कागदी लेबल, दस्त्यावरच्या चांदीच्या लहान पत्र्यातली आद्याक्षरे आणि बक्षिसाच्या पेल्यांवरचा मजकूर या तिन्हींची एकमेकांशी ताडून पाहणी करा. एखाद्या पेल्यावर तारीख मिळाली, तर त्या आठवड्याचे मुंबईचे वृत्तपत्र पाहता येईल. जिमखान्यांचे निकाल तेव्हा बारीक टायपात छापले जात. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य अभिलेखागार, एशियाटिक सोसायटी आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय या तीन ठिकाणांपासून सुरुवात करावी. आपले ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, म्हणजे ग्रँड अमेरिकनच्याच वयाचे. मला हा योगायोग उगाचच आवडतो.

नळ्यांवरच्या नक्षीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण लोक इथे सर्वांत जास्त चुका करतात. तिला डमास्कस म्हणतात, पण आपल्या जुन्या तलवारींच्या जौहराशी, म्हणजे पात्यावरच्या नक्षीशी, तिचे नाते केवळ दिसण्यापुरते आहे. जौहर मुशीत वितळवलेल्या पोलादातून येतो. बंदुकीच्या डमास्कस नळीत लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, एका सळईभोवती गुंडाळून, तापवून हातोड्याने एकजीव केलेल्या असतात आणि शेवटी रसायनाने तपकिरी केल्यावर दोन धातूंतला फरक नक्षी होऊन दिसतो. म्हणजे नळीच्या पूर्ण लांबीभर सांधा असतो. त्या सांध्यात शंभर वर्षांपूर्वीच्या काळ्या दारूची राख आणि ओल अडकून आतून गंज धरलेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

म्हणून सरळ सांगतो : ही बंदूक उडवू नका. आजचे काडतूस बहुधा ७० मिलीमीटरचे असते, पण ते उडाल्यानंतरची लांबी ७० असते. न उडवलेले काडतूस तोंडाशी दुमडलेले असल्याने आखूड असते आणि ६५ मिलीमीटरच्या घरात बिनबोभाट बसते. उडताना त्याचे तोंड पुढे निमुळत्या भागात उलगडते, वाट अडते आणि दाब वाढतो. काडतूस बसले म्हणजे चालते, हा समज जुन्या नळ्यांना आणि त्यांच्यामागच्या हातांना भोवतो.

पण नळ्या पारखण्याची एक जुनी रीत घरी जरूर करून पाहा. सुटे केलेले नळ्यांचे जोडपे मागच्या लोखंडी कडीत बोट घालून लोंबत धरा आणि बोटाच्या पेराने हलकेच ठोका. पट्टी नीट जुळलेली असेल तर देवघरातल्या घंटेसारखा लांब नाद निघतो. पट्टी जोडणारा डाक (धातूची झाळ) सुटला असेल तर फुटक्या मडक्यासारखा आवाज येऊन तिथेच विरतो. मग नळीतून ट्यूबलाइटकडे पाहा. आतल्या भिंतीवर उजेडाची वर्तुळे एकात एक दिसतात. वर्तुळ कुठे चेपलेले किंवा फुगलेले दिसले, तिथे पोचा किंवा फुगवटा आहे.

सगळ्यात महत्त्वाचे, काहीही घासू नका. मी स्वतः तरुणपणी एक सुरेख डमास्कस दुनळी एका कारागिराकडे ‘जरा स्वच्छ करून’ आणायला दिली होती. आठ दिवसांनी ती आरशासारखी चकचकीत आणि गुळगुळीत होऊन परत आली. नक्षी गेली, शिक्क्यांच्या कडा गेल्या आणि क्रमांकातला एक अंक भिंगाखालीही वाचता येईना. कारागिराने सांगितलेलेच काम केले होते. नोंदवहीतली तिची ओळ मला आजतागायत निश्चित करता आलेली नाही.

संग्रहाबद्दल विचारले आहे, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेलीही त्यातच मोजली जाते. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या संग्राहकांसारखी भिंतभर दुनळ्यांची स्वप्ने पाहू नयेत. माझ्याकडे एक जुनी दुनळी आहे आणि एक रोजच्या सरावाची बंदूक. बाकीचा संग्रह काडतुसांच्या जुन्या रिकाम्या खोक्यांचा, दुकानांच्या सूचिपत्रांचा आणि पेन्सिलीने उतरवलेल्या शिक्क्यांचा आहे. त्याला परवाना लागत नाही. परदेशी विकण्याचा विचार मनात आला तर तोही थांबवा : शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि तशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही.

बंदूक घरी आल्यावर ती कातडी पेटीत परत ठेवू नका. खाडीकाठच्या आपल्या हवेत जून ते सप्टेंबर कातडे ओल धरून ठेवते आणि अस्तराच्या खुणेबरहुकूम नळीवर गंज उठतो. कुलूपबंद लोखंडी कपाटात, सुती कपड्याने तेलाचा पातळ हात फिरवून, नळ्यांची तोंडे खाली करून उभी ठेवा. तोंडे वर असली की वर्षानुवर्षे तेल झिरपून दस्त्याच्या लाकडाच्या मानेत मुरते, लाकूड काळे आणि मऊ पडते. आपल्या बंदुकीत तसे झाले आहे का, ते यंत्रणेच्या लोखंडाला लागून असलेल्या लाकडावर नख दाबून कळेल. नखाची खूण उमटली तर मला वजन, घरांची लांबी आणि शिक्क्यांचे कागद यांच्यासोबत तेही कळवा, कारण तेल काढायचे काम पावसाळ्यापूर्वीच हाती घ्यावे लागेल.